मामाच्या फोटोतला उजेड

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. कुणी फोटोत 'आत्मा' दाखवला की पहिली मीच म्हणते — आधी लेन्स पूस! अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बारा वर्षं कुर्ते, कुकर, चपलांचे फोटो काढतेय. उजेड कुठून येतोय हे ओळखणं हीच माझी रोजीरोटी... म्हणून तर हे लिहिताना जरा लाज वाटतेय.

दोन वर्षांपूर्वी मामेभाऊ संदीपचा फोन आला. "ताई, पपांचा एक चांगला फोटो काढून दे ना. आधारकार्डाला लागतोय."

आधारचा फोटो सेंटरवरच काढतात, हे त्यालाही ठाऊक होतं नि मलाही. मामा सहा महिने अंथरुणाला खिळलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. आमच्याकडे हे असंच... फ्रेमसाठी फोटो हवा असतो, पण तोंडाने कुणी म्हणत नाही. जुन्या अल्बमात मामा सगळीकडे अर्धा कापलेला, नाहीतर डोळे मिटलेला. मामीला एक तरी फोटो हवा होता, ज्यात तो आजारी दिसणार नाही.

वाकोल्याला त्यांची चाळीतली तळमजल्याची खोली, दहा बाय पंधरा. एक दार, एक ट्यूबलाइट, खिडकी नाही. सकाळचे अकरा वाजलेले. संदीपने मोबाइलवर फ्लॅश मारून काढलेला फोटो दाखवला. अरे देवा... नुसती गालाची हाडं!

"फ्लॅश विसर," मी म्हटलं. "ट्यूब पण बंद कर."

दार सताड उघडलं. मामाला उशांना टेकवून असा बसवला, की दारातला उजेड एका गालावर येईल. दुसऱ्या गालावर काळोख होत होता, पण त्या बाजूला लगेच भिंत. उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा धरावा तर तेवढीही जागा नव्हती. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, शटर स्लो ठेवला.

"फ्रेमसाठी काढतेस ना?" मामा म्हणाला. "मग नीट काढ. वरच्या माळ्यावरच्या तात्याचं फोटोत केलंय तसं भूत नको करू माझं."

संदीप खाली बघायला लागला. मला हसू नि रडू एकदमच आलं.

चौदा फोटो काढले. मधेच मामाने मान भिंतीकडे वळवली, डोळे बारीक केले.

"ऊन येतंय गं," म्हणाला.

मला वाटलं, औषधांचा असर. "येऊ दे," म्हटलं आणि बटण दाबत राहिले.

घरी फोटो कॉम्प्युटरवर उघडले. पहिले आठ अपेक्षेप्रमाणे — दाराकडचा गाल उजळ, भिंतीकडचा काळा. नववा, दहावा, अकरावा... भिंतीकडचा गाल लख्ख! नाकाची सावली दाराच्या बाजूला पडलेली. सेटिंग तेच, मधे मिनिटभराचंही अंतर नाही. बाराव्यापासून परत पहिल्यासारखं. म्हटलं वाट लागली, सेन्सर गेला. मग डोळ्यांवर झूम केलं. बुबुळात उजेडाचा आकार उमटतो. दाराचा उभा पट्टा होताच. त्याच्या शेजारी एक चौकोन होता आणि त्यात पाच उभे गज.

दुसऱ्या दिवशी वाकोल्याला गेले. "मामी, या भिंतीत कधी खिडकी होती?"

"होती तर! तू जन्माक येवच्या आधी. बाजूवाल्यांनी खोली वाढवल्यानी, मगे बुजवली. हे थंयच बसान दाढी करीत."

मी भिंत ठोकून बघितली. भरीव. पलीकडे शेजाऱ्यांची मोरी आहे, तीही जाऊन बघितली. चार फोटोग्राफर मित्रांना विचारलं. एक म्हणाला, कुणाच्या तरी मोबाइलची स्क्रीन असेल. यार, मोबाइलला गज असतात का?

अठरा दिवसांनी मामा गेला. तेराव्याला मी दहावा फोटो मोठा करून फ्रेम लावून नेला. त्यात तो झकास दिसतो... गाल भरलेले, आता काहीतरी चावट बोलेल असा चेहरा. संदीप हार घेऊन पुढे झाला, तशी मामीने त्याचा हात धरला.

"ह्येका हार घालू नको," ती म्हणाली. "ह्यात ते बरे आसत."

मी बाहेर गॅलरीत जाऊन खूप रडले.

तो फोटो आजही हाराशिवायच आहे. तीन फोटोंत तो उजेड कुठून आला, मला अजून कळलेलं नाही. उद्या कळलंच, तरी मामीला सांगणार नाही.