सतरावी नोंद

न्हावऱ्याचा मच्छिंद्र रेडिओ दुरुस्त करता करता सणसवाडीच्या एका छोट्या कारखान्यात लागला, ही १९७९ सालची गोष्ट. सहा महिने कच्ची नोकरी. त्यानं बनवलेलं, बॉयलरचं तापमान नोंदवणारं यंत्र शेवटच्या शनिवारी नीट चाललं तर पक्की, नाहीतर एसटीनं परत घरी.

यंत्र सोळा नोंदी शहाण्यासारखं घ्यायचं आणि सतराव्या नोंदीला पिसाळायचं. तापमानाच्या मर्यादेच्या जागी भलताच आकडा, आणि भोंगा सुरू. मच्छिंद्रानं तर दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या: नोंदी मेमरीच्या २००० नंबरच्या गटात, मर्यादा २००१ नंबरच्या. एकेका गटात चौसष्ट हजारांवर घरं, एका घरात एक आकडा. मग शेजारच्याच्या घरात कोण कसा घुसेल?

शुक्रवारी त्यानं डिक्शनरी शेजारी घेऊन यंत्राच्या प्रोसेसरचं इंग्रजी पुस्तक वाचलं आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली. दोन गटांमध्ये भिंतच नव्हती. पुढचा गट आधीच्यापेक्षा फक्त सोळा घरं पुढं सुरू होत होता. बाकीची घरं दोघांची सामायिक. पहिल्या गटातलं सतरावं घर म्हणजेच दुसऱ्यातलं पहिलं. एकाच घराला दोन पत्ते! इतके दिवस आपली मर्यादा तो आपल्याच हातानं पुसत होता.

त्यानं मर्यादा लांबच्या गटात हलवली. शनिवारी यंत्र दिवसभर बिनबोभाट चाललं. चहाच्या वेळी इंजिनिअर आनंदरावांनी खुश होऊन सगळ्यांसमोर विचारलं, चूक काय होती? सोपं करून सांगावं म्हणून मच्छिंद्र बोलून गेला, "आमच्या वस्तीला आम्ही भीमनगर म्हंतो, पन काही जण अजून महारवाडाच लिवत्यात. पत्र आमच्याच घरी येतं. तसंच हाय हे."

सहा महिन्यांत त्यानं वस्तीचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे कप हातातच थांबले. आनंदराव हसले. "म्हणजे नाव बदललं तरी जागा तीच की."

कुणी कानाखाली वाजवावी तसं मच्छिंद्राला झालं. हाच माणूस रोज त्याच्या डब्यातली चटणी मागून खात होता. त्याच्या तोंडून हे ऐकावं लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

पक्क्या नोकरीचा कागद पुढं आला. मच्छिंद्रानं पेन घेतलं.

"यंत्रात तसं आसंल, साहेब," तो म्हणाला, आणि पत्त्याच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं: भीमनगर, मु. पो. न्हावरे.