मास्तरांनी कापलेला झेंडू

परभणीच्या सरकारी बागशाळेत आम्ही बागा आखायला शिकलो. जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा दिवाळीनंतर भरायचा, आणि त्याची एक रीत होती. पावसाळ्यात ज्यानं त्यानं आपल्या गावाहून रोपं पाठवायची, मास्तरांनी त्यांचा वाफा फाटकासमोर लावायचा. त्या साली मानवतहून झेंडू आला, पाथरीहून पांढरी शेवंती, आणि चारठाण्याहून मी मरवा पाठवला. मास्तरांचा नियम ठरलेला: उंच मागं, ठेंगणं पुढं. त्यात मेलं काय चुकणार?

मेळाव्याच्या सकाळी फाटकातून आत शिरलो आणि समोर वाफा दिसला. वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा! अख्खा तिरंगा जमिनीवर अंथरलेला. इंग्रज गेले होते, पण आमच्यावर निजामाचंच राज्य. तिरंगा लावला म्हणून लोक तुरुंगात जात होते. आणि पाहुणे कोण, तर तहसीलदारसाहेब. सोबत पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार. टांगा आता कोणत्याही क्षणी येणार.

"ऱ्हाऊ द्या की, फुलंच हायत," मानवतवाला छाती काढून म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "तू संध्याकाळी घरी जाशील, शहाण्या! वाफा मास्तरांच्या हातचा हाय. बेड्या त्यांना पडतील!"

"काय भांडायलाव रे?" म्हणत मास्तर आले. ते रोज विहिरीच्या अंगानं, मागूनच पाणी घालायचे. फाटकातून वाफा त्यांनी पाहिलाच नव्हता. आता पाहिला.

मग त्यांनी कात्री घेतली. 'फुलाला हात लावाल तर हात तोडीन,' असं आम्हाला बजावणारा तो माणूस झेंडूची फुलं सपासप कापत सुटला. मला ते बघवेना.

"बघत काय बसलाव? सुईदोरा आणा. साहेबांना हार नको का?"

आम्ही सगळे भुईवर बसून ओवत सुटलो. शेवटची गाठ मारली आणि टांगा फाटकाशी थांबला.

मास्तरांनी हार घातला. लय जाड हार, साहेबांची हनुवटी त्यात बुडाली. ते हसले, पुढं निघाले आणि वाफ्यापाशी थांबले. पुढं मरवा, मधे शेवंती, मागं नुसते कापलेले देठ. अमीन दोन पावलं मागं होता, मिशा पुसत.

"सारे काट दिए?" साहेबांनी विचारलं.

"आपल्या हारासाठी, हुजूर."

साहेबांनी देठांकडं पाहिलं, मग छातीवरच्या केशरी फुलांकडं. हसू मावळलं. आता संपलं, मास्तर गेले, असंच मला वाटलं. साहेब मास्तरांच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होतो म्हणून ऐकू आलं.

"अगले साल कुछ और लगाइए, मास्टर. हर तहसीलदार हार पहनकर चुप नहीं रहेगा."