गाडीचा बेंदूर

माझ्या थोरल्या चुलत्यांना, आमच्या आबांना, मी माफ केलेलं नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार.

सत्तरच्या दशकात मी कराडला एका गॅरेजात फिटर होतो. रविवारी पलूसजवळच्या आमच्या गावी यायचो. आबा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. एका लिलावात त्यांनी लष्करानं मोडीत काढलेली गाडी उचलली. पुढं केबिन, मागं उघडा हौदा, सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, तेही जाम झालेलं. फाट्यापासून घरापर्यंत ती बैलांनी ओढत आणली.

आबा म्हणाले, "चालू करून दाव. बेंदरापतोर चालली तर फाट्यावरची पत्र्याची शेड तुझी. घाल तुझं गॅरेज."

दुसऱ्याच्या गॅरेजात शिव्या खात राबणाऱ्याला आणखी काय हवं असतं? आठ महिन्यांचे रविवार मी त्या गाडीखाली काढले. सातारा-सांगलीकडं तसली दुसरी गाडी मला दिसली नाही, त्यामुळं सुटा भाग मिळायचा नाही. हेडचं गॅस्केट कराडच्या तांबटाकडून तांब्याच्या पत्र्याचं कापून घेतलं. व्हॉल्व्ह हातानं घासले. आणि गाडी बोलली! साध्या गाडीची मागची दोनच चाकं ओढतात. हिची चारही ओढायची. ट्रॅक्टर रुतलेल्या चिखलातून ती खताच्या पोत्यांनी भरलेला हौदा घेऊन सहज वर यायची. मला तिचा गर्व होता, सांगायला लाज कसली?

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, आला. त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणून आबांनी सकाळपासून सगळी पोती गाडीनंच ओढली. दुपारी ओढ्यावर बैल धुऊन झाले, तेव्हा त्यांच्या मनात आलं की गाडीलाही आंघोळ घालावी. शेतातून तशीच धावत आलेली गाडी त्यांनी ओढ्यात घातली, बॉनेट उघडलं आणि बादली भरली.

मी ओरडलो, "आवं आबा, इंजिन तापलंय! आदी निवू द्या, मग पानी टाका."

"लोखंडाला काय सर्दी हुतीया व्हय रं?" ते म्हणाले. काठावरची माणसं हसली. त्या हसण्याच्या भरात त्यांनी बादली इंजिनावर उपडी केली.

टण् असा आवाज आला. इंजिनाच्या ब्लॉकला वीतभर चीर गेली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. मिरजेहून वेल्डर आणला. त्यानं चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ओतीव लोखंड हाय. जोड धरत न्हाई."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या आठवड्यात ऐकल्या. आबा चावडीवर सांगत सुटले, पोरानं काम कच्चं केलं. चार माणसांनी विश्वास ठेवला, कारण ते सुभेदार आणि मी फिटर. शेडचं विचारलं तर म्हणाले, "गाडी बंद, शेड बी बंद." त्या शेडमध्ये त्यांनी बैल बांधले. मी पुन्हा कराडला शिव्या खायला गेलो.

पुढच्या बेंदराला आईनं आग्रह केला म्हणून गावी आलो. ओढ्यावर गेलो तर आबांचा एक खोंड दावं तोडून शिवारभर पळालेला, गड्यानं कसाबसा धरून आणलेला. खोंडाच्या तोंडाला फेस, पाठ घामानं निथळत होती. गड्यानं बादली भरली, तसे आबा काठावरून धोतर सावरत धावले.

"आरं ए, तापलाय त्यो! आदी निवू दे, मग पानी टाक!"

त्यांनी मला पाहिलं आणि नजर खोंडाकडं वळवली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसतं, तर मी कधीच माफ केलं असतं.