ताईच्या पेटीची केबल

तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याची थोरली बहीण टेलिफोन ऑपरेटर होती. घरात सगळ्यांच्या वाटणीचं ताईच बोलायची. "अगं, मधे श्वास तरी घे," वडील म्हणायचे. मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला.

तिनं तळहातावर मावणारा एक जुना संगणक मिळवला. त्याच्या इवल्याशा बटणांवर ती टाइप करायची, भाऊ पडद्यावर वाचायचा. पण वडिलांचे डोळे कधीच गेले होते. लेक शेजारी बसलेली असायची आणि बाप नुसता चाहूल घेत राहायचा. एकदा ते वैतागले. "तू घरात आहेस की नाही, तेच कळत नाही मला!" ताई न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून बसली. रडण्याचाही आवाज उरला नव्हता, तरी.

भावानं शोधाशोध करून एका शाळेनं मोडीत काढलेली बोलणारी पेटी आणली. पाठवलेला मजकूर ती वाचून दाखवायची. पण तिला हा संगणक जोडायची सिरियल केबल कुठेच मिळेना. "ते मॉडेलच बंद झालंय हो," म्हणत दुकानदारांनी हात झटकले.

मग त्यानं स्वतःच ती करायला घेतली. संगणकाच्या बुडाशी चपटी, अरुंद खाच होती. लिफ्टमधल्या एका भंगार सर्किट-कार्डाची कड कापून, कानशीनं घासून घासून त्यानं ती खाचेत बसवली. तिच्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना तारा सोल्डर केल्या: एक पाठवायची, एक घ्यायची, एक अर्थिंगची. पेटी ढिम्म.

"माझीच बहीण दिसतेय," ताईनं टाइप केलं. त्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चूक ध्यानात आली. इकडची पाठवायची तार तिकडच्या घेणाऱ्या पिनेला जायला हवी होती. तारांची अदलाबदल केली, तर पेटी काहीबाही बरळायला लागली. दोन्हीकडचा मजकूर पाठवायचा-घ्यायचा वेग जुळत नव्हता. तोही जुळवला.

"बाबा, दाढीला साबण राहिलाय," पेटी म्हणाली.

वडील दचकले. "ही कोण बाई?"

"ताईच आहे, बाबा," भाऊ म्हणाला.

"आमची असं रुक्ष नाही बोलत." पण त्यांचा हात गालाकडे गेला. साबण होता. मग मात्र ते पोट धरून हसले.

त्यानंतर दोघं दुपारभर बोलत बसायचे. एकदा वडिलांनी विचारलं, "तुला घास उतरत नाही ना? ऐकू येतं मला."

पेटी त्याच सपाट सुरात म्हणाली, "गाठ परत आलीय. आता कापण्यासारखं काही नाही, डॉक्टर म्हणाले."

"मला का नाही सांगितलंस?" भाऊ ओरडलाच.

"तू तारा जोडत होतास. हात थरथरले असते."

पुढे तिची बोटंही चालेनाशी झाली. पेटी गप्प, आणि वडीलच तिचा हात धरून तासन्‌तास बोलायचे. एका सकाळी ती गेली.

"शेवटी काही म्हणाली का रे?" वडिलांनी विचारलं.

संगणक समोरच होता, केबल लावलेली. चार शब्द टाइप केले असते तर पेटी तेही ताईच्याच सुरात बोलली असती. त्याची बोटं बटणांवर टेकलीसुद्धा. मग त्यानं केबल ओढून काढली.

"नाही, बाबा."

वडिलांनी चाचपत पेटीवर हात ठेवला.

"फार दुखलं का तिला?"

"हो," तो म्हणाला.