पॅटिस गरम करू नका

“सगळी पॅटिस? एकट्या खानार तुमी?”

नामदेवदादा काचेच्या कपाटापाशी चिमटा घेऊन उभे होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

“सगळी द्या,” मी म्हणाले. “आणि गरम करू नका.”

“थंड पॅटिस कोन खातं?”

“मी खाते.”

मी खात नाही. सकाळची पोळीसुद्धा संध्याकाळी तव्यावर टाकल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही. पण थोड्याच वेळात माझी मीटिंग सुरू होणार होती आणि त्या कपाटातलं एकही पॅटिस दुसऱ्या कुणाच्या हाती लागू द्यायचं नव्हतं. माझं डोकं ठिकाणावर होतं. कारण सांगते.

मी सॉफ्टवेअर इम्प्लिमेंटेशनमध्ये आहे. सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे, विकणारे वेगळे. विकून झाल्यावर ते गिऱ्हाइकाच्या कारखान्यात नीट नांदतंय की नाही, हे बघणारी ती मी. ऑफिस पुण्यात, मी पनवेलजवळ विचुंब्याला घरून काम करते. बॉसचं नाव निखिल. वयाने माझ्या धाकट्या भावाहून लहान, पण खुर्चीमुळे सर.

त्या दिवशीची मीटिंग एका मसाल्याच्या कारखानदारांबरोबर होती. त्यांना सगळे शेठ म्हणतात. माल किती आला, किती गेला, बिल किती झालं, हे सगळं त्यांना आमच्या सॉफ्टवेअरवर आणायचं होतं. सही तेवढी बाकी होती. आणि शेठना गो-लाईव्ह दसऱ्याला हवं होतं. गो-लाईव्ह म्हणजे जुनी पद्धत बंद करून नवं सॉफ्टवेअर खरोखर वापरायला लागणं.

दसऱ्याला ते होणार नव्हतं. कारण गो-लाईव्हच्या आधी पॅरलल रन करावा लागतो. महिनाभर जुनी वहीही चालू ठेवायची आणि नवा कॉम्प्युटरही. रोज संध्याकाळी दोघांचे आकडे जुळवायचे. जुळले नाहीत तर का नाहीत ते शोधायचं. हे टाळलं की हळद गोडाऊनमध्ये असते आणि कॉम्प्युटर म्हणतो संपली. आम्हाला तुळशीच्या लग्नापर्यंतचा वेळ हवा होता.

हे मी निखिल सरांना आदल्या दिवशी फोनवर सांगितलं.

“मॅडम, शेठ दसऱ्याचं विचारतील. तुम्ही हो म्हणा.”

“दसऱ्याला होणार नाही, सर.”

“ते मलाही माहीत आहे.”

“मग?”

“सही होऊ दे. मग बघू.”

या ‘मग बघू’ची मला धास्ती आहे. कारण मग बघायला निखिल सर नसतात. मी असते, आणि माझ्या टीममधली प्रज्ञा आणि ओंकार ही दोन पोरं असतात. मागच्या ‘मग बघू’त प्रज्ञाने सख्ख्या बहिणीच्या लग्नात पैठणी नेसून, कानाला हेडफोन लावून, चुकलेली बिलं दुरुस्त केली होती. अंतरपाट धरला तेव्हा ती कार्यालयाच्या ऑफिसात होती. पुन्हा असं काही झालं तर ती राजीनामा देणार, हे तिने मला बजावून सांगितलं होतं आणि तिचं काही चुकत नव्हतं. पण नाही म्हणून काम हातचं घालवलं, तर त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटणार. थोडक्यात काय, हो म्हटलं तर पोरं जाणार, नाही म्हटलं तर शेठ जाणार.

त्यात आमच्या सोसायटीसमोर गटारासाठी खोदकाम निघालं आणि जेसीबीने फायबरची केबल तोडली. ज्या वायरमधून इंटरनेट येतं ती. केबलवाला “उद्या” म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तो “उद्या”च म्हणाला. मोबाईलच्या नेटवर व्हिडिओ कॉल टिकत नव्हता. मी लॅपटॉप उचलला आणि वायफायवाला कॅफे शोधत पनवेलभर फिरले.

स्टेशनजवळच्या कॅफेत कॉफी छान, पण वायफाय दर अर्ध्या तासाने ओटीपी मागायचं आणि एका मोबाईल नंबरला एकदाच द्यायचं. माझा नंबर झाला, नवऱ्याचा झाला, मग मी सासूबाईंचा घातला. त्यांचा लगेच फोन आला, “अगं, मला कुणीतरी आकडे पाठवतंय, पोलिसांत सांगू का?” पळस्प्याला हायवेवरच्या फूड कोर्टात वायफाय जोरदार होतं. पण तिथे गोव्याला निघालेली अर्धी मुंबई जेवत होती. मी ओंकारला एक्सेलची शीट समजावून देत होते आणि डोक्यावरच्या स्पीकरवरून बाई ओरडत होती, “दोन मिसळ, एक उपमा, काउंटरवरून घेऊन जा.” ओंकारने ते लिहून घेतलं. नवीन पनवेलच्या एका कॅफेत झाडं, एसी, शांतता सगळं होतं आणि दारावर पाटी होती, ‘लॅपटॉपला मनाई आहे.’

शेवटी केबलवाल्यालाच दया आली. “मॅडम, नेरं गाव ओलांडून माथेरानच्या पायथ्याला जा. तिथं नामदेवदादाचा कॅफे आहे. माझा मामाच आहे तो. त्याची लाईन मी स्वतः ओढलीय, कधी बंद पडत नाही.”

मीटिंगच्या दिवशी सकाळीच मी तिथे पोचले. समोर हिरवागार डोंगर, मागे दादांचं घर आणि मध्ये पत्र्याखाली पाचसहा टेबलं. शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांची गर्दी, एरवी सामसूम. मोबाईलला रेंजच नाही, पण वायफाय खरंच पळत होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी ओंकारला व्हिडिओ कॉल लावून ट्रायल घेतली. दोन मिनिटं झाली आणि तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही अडकलात. फोटोसारख्या दिसताय.”

मिनिटभराने मी सुटले. पुन्हा अडकले. पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा सुटले तेव्हा आतून ‘टिंग’ असा आवाज आला आणि दादा बाजूच्या टेबलावरच्या दोन मुलांना वाफाळतं पॅटिस देऊन गेले. मी उठून आत डोकावले. राऊटर मायक्रोवेव्ह ओव्हनच्या डोक्यावर ठेवलेला, वर झेंडूची माळ.

जुना राऊटर आणि मायक्रोवेव्ह एकाच पट्टीतल्या लहरी वापरतात. दोन माणसं एका खोलीत बोलत असावीत आणि त्यातला एक लाऊडस्पीकर घेऊन बोलत असावा, तसं होतं. ओव्हन सुरू झाला की राऊटरचं कुणाला ऐकू जात नाही. नव्या राऊटरला दुसरी पट्टी असते. हा नवा नव्हता. लॅपटॉपला थेट वायर जोडावी, तर कंपनीने दिलेला लॅपटॉप इतका सडपातळ की त्याला ते भोकच नाही.

मी दादांना म्हणाले, “दादा, माझी मीटिंग होईपर्यंत ओव्हन लावू नका. त्याने नेट अडतं.”

दादांच्या कपाळाला आठी पडली. “नेट भाच्यानं टाकलेला हाय, मॅडम. तो नाय अडत.”

“ओव्हनमुळे अडतं.”

“ओव्हन आतमदी हाय, नेट बाहेरून येतो. त्यांचा काय संबंध?” मग थोडं नरमून म्हणाले, “आनि गिऱ्हाईक आला तं त्याला काय सांगू? मॅडमची मीटिंग हाय, तुमी थंड खावा?”

त्यांच्या भाच्याच्या कामात खोट काढण्यापेक्षा पॅटिस विकत घेणं सोपं होतं. तिथे ओव्हनमध्ये फक्त पॅटिसच जायची. पॅटिस संपली की ओव्हन आपोआप गप्प. म्हणून मी सगळी घेतली. दादांनी ती एका मोठ्या ताटात रचून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि मान हलवत काही कामाला बाहेर निघून गेले.

मीटिंग सुरू झाली. स्क्रीनवर एका चौकोनात शेठ, एका चौकोनात निखिल सर, एकात मी. सगळं सुरळीत चाललं होतं. मी पॅरलल रन समजावला, शेठनी मध्ये मध्ये चांगले प्रश्न विचारले. एक ट्रेकवाला पॅटिस मागायला आला आणि रिकामं कपाट बघून परत गेला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग शेठ खुर्चीत पुढे सरकले. “मॅडम, बाकी सगळं ठीक. मला एकच सांगा. दसऱ्याला देताय ना?”

निखिल सर कॅमेऱ्यात बघून हसत होते. ते हसू माझ्यासाठी होतं. डोळ्यांसमोर पैठणीतली प्रज्ञा आली, पण जीभ ‘हो’कडेच वळत होती, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात घराच्या बाजूने दादांची बायको बाहेर आली. वहिनींना आमच्या बोलण्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की पाहुणी बाई कधीची काम करतेय आणि तिच्यापुढे ताटभर पॅटिस गार होऊन पडलीत. त्यांच्या दृष्टीने ही घराण्याची बेअब्रू होती. मला त्रास नको म्हणून त्या कॅमेऱ्याच्या बाहेरून, वाकून, चोरपावलांनी आल्या. ताट उचललं. माझ्याकडे बघून मायेनं हसल्या. आणि ओव्हनकडे निघाल्या.

मला ओरडता येईना. शेठ उत्तराची वाट बघत होते. मी फक्त डोळे मोठे केले, तोंड अर्धं उघडलं, एक हात किंचित वर केला. आतून ओव्हनचं दार लागल्याचा आवाज आला आणि माझ्या स्क्रीनवर शेठ आणि सर दोघंही फोटो होऊन गेले.

त्या मिनिटभरात मी काय काय विचार केला ते विचारू नका. आत धावत जावं तर लॅपटॉप सोडून कसं जायचं, हाक मारावी तर ती नेमकी शेठना ऐकू गेली तर? मी जागची हलले नाही. ‘टिंग’ झालं. शेठ पुन्हा हलायला लागले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“बरं, बरं,” ते म्हणाले. “एवढं वाईट आहे का?”

काय वाईट आहे ते मला कळलं नव्हतं.

“मागच्या कंपनीला हेच विचारलं होतं. त्यांनी अर्ध्या सेकंदात हो म्हटलं. दिवाळीत बिल निघेना, ट्रक गेटवर उभे. तुम्ही मिनिटभर माझ्याकडे नुसतं बघत राहिलात, मॅडम. एवढं घाबरून माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नाही. तुमची तारीख काय आहे ती सांगा.”

“तुळशीचं लग्न झाल्यावर,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

“लिहून घ्या, निखिलजी,” शेठ म्हणाले. निखिल सरांचं हसू अजून तोंडावरच होतं, फक्त आता त्याचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. “मॅडम, तो पॉज! काय टाकलात! आधी सांगितलं असतंत तर मीही तसाच चेहरा केला असता.” पुढच्या ट्रेनिंगमध्ये त्यांनी नव्या पोरांना ‘क्लायंटसमोर शांततेचा वापर’ यावर अर्धा तास दिला. उदाहरण माझं होतं. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं.

काम तुळशीच्या लग्नानंतर, महिनाभर पॅरलल रन करून, गो-लाईव्ह झालं. पहिल्या संध्याकाळी एकही बिल चुकलं नाही. प्रज्ञा त्या वेळी मावशीकडे उरणला जेवायला गेली होती आणि तिला कुणीही फोन केला नाही.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले. कॅफेत लॅपटॉप उघडण्याआधी लोक स्पीड टेस्ट करतात. ती करावी, पण आत जाऊन ओव्हन कुठे ठेवलाय तेही बघून घ्यावं. आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायची हिंमत होत नसेल, तर ओव्हनशेजारचंच टेबल धरावं.

मीटिंग संपल्यावर वहिनी ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या होत्या. “आता खा. मगाशी कसा चेहरा झाला व्हता तुमचा. भुकेनं झाला व्हता ना?”

मी हो म्हणाले. त्या दिवशीचं माझं एवढंच हो.