स्फोटाचं घर कोणतं?

"कुणाचा रं तू?"

आमच्या भागात वाटेत भेटलेल्या कुठल्याही पोराला वडीलधारी माणसं हेच विचारतात. आधी घर, नाव मागाहून. आमचे सर मात्र हा प्रश्न संगणकाच्या पडद्यावरच्या एका ठिपक्याला विचारायचे. हनुवटीखाली मूठ टेकवून, नाक पडद्याला लागेल इतकं पुढं झुकून आणि अगदी मायेनं.

ते विट्यात आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायचे. मी मराठी शिकवते. भौतिकशास्त्राची आणि माझी दहावीला जी फारकत झाली ती कायमची. पण स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी बसत असेल, तर मी काय सोसलंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

"आवं मॅडम, ऐका तरी. दोन मेलेले तारे. एकमेकाभोवती गरगरत कोट्यवधी वर्षं हिंडत्यात आन् शेवटी धडकत्यात. धाडकन! गॅमा किरणांचा लोट! पर स्फोट दिसतोय कुटं, तर मोकळ्या अंधारात. आसपास दोन दीर्घिका, म्हंजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची घरं. एक जवळ, मोठी, झगझगीत. दुसरी बारकी, लांब, दिसती न दिसती. मग ही जोडी निघाली कुटल्या घरातनं?"

"जवळच्या," मी सुटका करून घ्यायला म्हणाले.

"जत्रंत चुकलेलं पोर फुगेवाल्यापाशी उभं हाय, म्हंजे ते फुगेवाल्याचं झालं व्हय?"

आपल्याच बोलण्यावर ते इतके हसले की कपातला चहा बशीत आला.

दुर्बीण त्यांच्याजवळ नव्हती. ते संगणकात दीर्घिका बनवायचे. वायू, तारे, गुरुत्वाकर्षण, सगळं आकड्यांत घालून दीर्घिका फिरू द्यायची आणि तिच्यातून निसटलेल्या ताऱ्यांच्या जोड्या कुठवर जातात ते बघायचं. या धडकेत सोनंही तयार होतं, असं त्यांनी एकदा एका गलाईवाल्या पाहुण्याला सांगितलं. आमच्याकडची माणसं देशभर सोनं गाळतात. पाहुण्यांनी गंभीरपणे सोन्याचा कस विचारला, "टंच किती?" हा किस्सा सरांनी आठवडाभर भेटेल त्याला ऐकवला. शिपाईमामांना तर रोज.

हसण्यावारी नेता येत नव्हती ती एकच गोष्ट. त्यांच्या नोंदणीची शेवटची मुदतवाढ दिवाळीनंतर संपत होती. शेवटचं प्रकरण झालं नाही तर इतक्या वर्षांची पीएच.डी. पाण्यात. मार्गदर्शकांचं मत ठाम होतं की स्फोटाचं घर मोठी दीर्घिकाच. सिम्युलेशननं तेवढं दाखवलं की सुटलो. म्हणून सरांनी प्राचार्यांच्या मागं लागून लागून कॉलेजची लॅब मिळवली, सगळे संगणक एकमेकांना जोडले, मोठी दीर्घिका फिरायला लावली आणि दारावर चिठ्ठी डकवली, 'कृपया काहीही बंद करू नये.'

दोन आठवडे लॅब घरघरत होती. जोड्या निघायच्या, थोडं हिंडायच्या आणि घरापाशीच घुटमळायच्या. "थोरलीची ओढ लय जबर. पोरं उंबऱ्याभाईर पडंनात," सर म्हणायचे. तरी आज ना उद्या त्या लांब जातील या आशेवर ते थांबले होते.

अशात खंडेनवमी आली.

सकाळी मी आणि सर लॅबच्या दारात बरोबरच पोचलो. आत उदबत्तीचा घमघमाट. प्रत्येक पडद्याला झेंडूची माळ, हळदीकुंकवाची बोटं, मधोमध नारळ. घरघर बंद. शिपाईमामा हात जोडून उभे.

"मामा, बंद केलं?"

"मग? चालत्या अवजाराची पूजा करत्यात व्हय, सर? आज त्यास्नी इस्वाटा."

"आवं, चिठ्ठी लावलीया की!"

"वाचली की. पर ती माणसांसाठी. ह्यो देवाचा मामला."

मधले आकडे साठवायला जागा नव्हती, त्यामुळं दोन आठवड्यांचं सगळं गेलं होतं. सरांचा चेहरा बघून मामांचाही उतरला. सरांनी चपला काढल्या, आत गेले, एका पडद्याला हात लावून नमस्कार केला आणि मटकन खाली बसले. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. बघते तर हा माणूस हसतोय!

"मॅडम, दीर्घिकेला कुक्कू लावणारा अख्ख्या जगात आपला मामाच पयला!"

मग मी हसले, मामा हसले, आणि आवाज ऐकून आलेले हेडक्लार्क काही न कळता हसले.

मुदतीच्या आत आता एकच सिम्युलेशन बसत होतं. मोठीच पुन्हा लावायची, की मार्गदर्शकांना न पटणारी धाकटी? चुकलं तर दुसरी संधी नव्हती. प्रसादाचं खोबरं चघळत सर एकेका पडद्यापुढं जाऊन उभे राहिले.

"थोरलीला इचारून झालं," शेवटी ते म्हणाले. "आता धाकटीला इचारू."

दसऱ्याच्या मुहूर्तावर धाकटी सुरू झाली. मामा दाराशी राखणीला बसले. आत डोकवायचं तर प्राचार्यांनाही त्यांची परवानगी लागे.

दिवाळीच्या सुट्टीत सकाळीच फोन वाजला. "मॅडम, सुटल्या! एक न्हाई, ढीगभर जोड्या! पार स्फोटाच्या जागंपातूर! बारक्या घराची ओढ कमी पडती, म्हणून तिथली पोरं लांब जात्यात!" मागं मामा शिट्ट्या मारत होते. मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

मार्गदर्शकांनी तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा तपासलं आणि सही केली. सर डॉक्टर झाले! पोरांनी जेसीबीतून फुलं उधळली. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला, 'दीर्घिकासम्राट!' गॉगल घातलेले सर, मागं तारेच तारे, खाली शुभेच्छुकांची दाटीवाटी. सर त्याच्याखालून मान खाली घालून जायचे, आणि कोपऱ्यावर पोचले की चोरून मागं वळून बघायचे.

पुढं ते संशोधनासाठी जर्मनीला गेले. बारक्या घरातली पोरं लांब जातात हे त्यांनीच सिद्ध केलेलं, तक्रार करायची कुणाकडं? शेजारची खुर्ची आता शांत आहे. मला ती शांतता मुळीच आवडत नाही.

परवा मी सरांच्या गावी, आटपाडीला गेले होते, तेव्हा त्यांच्या वडिलांना भेटून आले. आबा मेंढरं राखतात. कोकरांच्या आडोशावर पांढरी ताडपत्री ताणलेली होती. चहा झाल्यावर मी विचारलं, "आबा, पोरांनी तुम्हाला तो फ्लेक्स आणून दिला होता, त्याचं काय केलंत?"

"ह्यो काय!" आबांनी ताडपत्रीची कड उचलली. आतल्या अंगाला गॉगल घातलेले सर हसत होते. एक कोकरू शुभेच्छुकांचा कोपरा चघळत होतं.

"भाईर ठिवला तर उन्हानं त्वांड पुसून जाईल त्याचं," आबा म्हणाले. "म्हनून आत केलंया."

मग ते वाकून आत शिरले आणि मुंडाशाच्या शेवानं पोराच्या गालावरची धूळ हळूच पुसायला लागले.