बिनशिंगांचे व्हायकिंग

व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हती. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आता बोलता बोलता मलाच जांभई येते. साडूला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, एकदा दाढी करताना न्हाव्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो आणि उरलेल्या वेळात अंगठ्याएवढे सैनिक रंगवतो. हजारेक वर्षांपूर्वी उत्तरेच्या समुद्रातून होड्या घेऊन यायचे, लुटायचे आणि घरी परतून शेतीही करायचे, ते हे व्हायकिंग. टेबलावर डोंगर-नदी मांडायची, दोन्हीकडून फौजा लावायच्या आणि फासे टाकून लढाई करायची, असा हा खेळ. पुण्यात तो खेळणाऱ्यांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा ते हॉल घेतात. तिथं एक वेगळं टेबल असतं, अस्सल फौजांचं. इतिहासाला धरून असेल तेच त्यावर मांडतात.

पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं गेलो तो शिंगवाली फौज घेऊन. स्वस्तातली फौज शिंगांसकट आली होती, मला कुठं माहीत? एकानं एक सैनिक उचलला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "बीडकडून पोळ्याचे बैल आणलेत वाटतं. शिंगांना हिंगूळ लावायचा राहिला की!" सगळा हॉल हसला. मीही हसलो, पण ते मला फार लागलं. त्या टेबलावर एकदा तरी आपली फौज मांडायचीच, असं मी परतीच्या एसटीत ठरवलं.

मग जे सुरू झालं ते संपेचना. ब्लेडनं एकेकाची शिंगं उतरवली. मग कळलं, लोखंडी शिरस्त्राण परवडणारे मुळात थोडेच होते. म्हणून बऱ्याच जणांना पुट्टीच्या टोप्या चढवल्या. तलवार श्रीमंताची, साध्या माणसाच्या हातात भाला. म्हणून तलवारी तोडून तारेचे भाले लावले. अंगावरचं काळं चामडंही चुकीचं, म्हणून ते खरवडून लोकरीचे कपडे रंगवले. तर मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपात एकानं लिहिलं, त्या काळी झाडाच्या मुळांपासून काढायचे त्या रंगात लोकर इतकी लाल होत नाही. रंग विटका केला तर दुसरा म्हणाला, फारच विटका झाला. गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसं माझं झालं. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि बायकोनं या विषयावर बोलणंच सोडलं.

शेजारी आबा बसून असायचे. माझे वडील. त्यांची सगळी हयात मेंढरांमागं गेली. गुडघे गेले म्हणून मागच्या दिवाळीनंतर कळप विकला, आणि तेव्हापासून त्यांची संध्याकाळ सरत नव्हती. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत येऊन बसायचे.

"ह्येन्ला मेंढरं व्हती का रं?" एकदा त्यांनी विचारलं.

"व्हती की. ह्यांच्या होड्यांची शिडं बी लोकरीची आसायची."

आबा ताठ बसले. "लोकरीचं शीड? लई सूत लागलं आसंल." या छंदाबद्दल कुणी माझ्याशी वाद न घालता बोललेलं तेवढं एकच वाक्य.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी फौज खोक्यात भरून दाराशी ठेवली. फक्त फौजेच्या सरदारावरचा रंगाचा शेवटचा हात ओला होता, म्हणून तो फळीवर पेल्याखाली झाकून ठेवला होता. सकाळी त्याला रुमालात गुंडाळून खिशात घातलं आणि निघालो. मांजरसुंब्याला गाडी चहाला थांबली. खड्ड्यांनी भाले वाकले असतील म्हणून खोकं उघडलं, तर प्रत्येकाच्या पाठीवर, उजव्या बाजूला, तेलरंगाचा जाड लाल पट्टा.

तो पट्टा मी ओळखला. तो आमच्या घरचा. दोन कळप वाटेत एकत्र झाले की मेंढरं मिसळतात. मग ज्याचा रंग त्याचं मेंढरू. रंग नसेल तर हक्क नाही. मी तिथूनच फोन लावला.

"आबा, ह्ये काय केलं तुमी?"

"कावून वरडायलास? परक्या मुलखात चाललीत ती. दुसऱ्याच्यात मिसळली तर वळखायची कशी?"

"आबा, ती मेंढरं न्हाईत!"

"म्हनून काय झालं? आपली हायेत न्हवं?"

मी फोन ठेवला. खोकं तिथंच टाकून द्यावंसं वाटलं. पट्टा पुसायचा तर खालची सगळी मेहनत त्याच्याबरोबर गेली असती. धाब्याच्या बाकड्यावर बसून मला चक्क रडू आलं.

हॉलमध्ये पारख करणारे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "हे लाल कसलं?"

शेजारचा एक जण माझ्या कानाशी लागला, "रक्त म्हण, खपून जाईल."

"वडिलांनी लावलंय," मी म्हणालो. "मेंढरांना लावतात तसं."

गृहस्थ भले होते. हसले नाहीत. "याला पुरावा नाही हो," एवढंच म्हणाले. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

मग मी रुमालातून सरदार काढला. भिंग लावून त्यांनी त्याला बराच वेळ पाहिलं. "हा मात्र बिनचूक आहे." दिवसभर तो एकटा त्या टेबलावर उभा होता, पायाशी बक्षिसाची निळी फीत. बाकीची फौज माझ्या खुर्चीखाली खोक्यात. यंदा कुणी बैल म्हटलं नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं, पण आनंद काही होईना. नुसता थकवा आला होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना घरी पोचलो. आबा अंगणात बाजेवर वाट पाहत होते. खोकं मांडीवर घेऊन ते एकेकाला काढू लागले. पाठीवरून अंगठा फिरवायचा, पुटपुटत मोजायचं, बाजेवर उभं करायचं. कळप विकल्यापासून पहिल्यांदाच ते एका जागी एवढा वेळ बसले होते.

शेवटी मी सरदार त्यांच्या हातात दिला, फितीसकट. त्यांनी अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला.

"ह्यो आपला न्हाई."

"आपलाच हाय, आबा. ह्यालाच तर बक्षीस मिळालं."

"आपला आस्ता तर रंग आस्ता. कुनाचा तरी चुकून आलाय. ज्याचा त्याला दिऊन टाक, त्यो तिकडं हुडकीत आसंल." आणि त्याला बाजेच्या पार कडेला, सगळ्यांपासून लांब ठेवलं.

वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती. खिडकीत लाल रंगाचा डबा तसाच होता. झाकण घट्ट बसलं होतं, ते चमच्याच्या दांड्यानं उचकटलं. माझ्या त्या एकुलत्या एका बिनचूक माणसाला पालथा धरला आणि पाठीवर उजव्या बाजूला पट्टा ओढला.

आबांनी पुन्हा अंगठा फिरवला. ओला रंग अंगठ्याला लागला. त्यांनी तो धोतराला पुसला, सरदाराला उचललं आणि बाकीच्यांच्या मधोमध नेऊन उभं केलं.

"आता समदी आली," ते म्हणाले.